डब्यातला सहा हजार तीनशे

माळा आवरताना बिस्किटांच्या डब्यात माझा जुना नोकिया ६३०० सापडला. बॅटरी फुगलेली. लॅमिंग्टन रोडला बीएल-४सी लगेच मिळाली, बसवली, आणि पडद्यावर नोकियाचे ते दोन हात एकमेकांत गुंफले! जिओचं सिम घातलं तर नेटवर्कच नाही. बरोबरच आहे, हा फोन फक्त टूजीवर चालतो आणि त्यांचं टूजी नाहीच. मग आईचं सिम पळवलं.

फोनमधल्या मूळ ब्राउझरने एकही साइट उघडली नाही. आजच्या साइट्सचं एन्क्रिप्शन त्या बिचाऱ्याला झेपत नाही. मग ब्लूटूथने ओपेरा मिनी या दुसऱ्या ब्राउझरची जार फाइल (जुन्या फोनवर ॲप बसवायची फाइल) टाकली. ही जावा ॲप हुशार: पान आधी ओपेराच्या सर्व्हरवर उघडतं, तिथेच पिळून बारीक होतं आणि मग फोनवर येतं. म्हणून तर तेव्हा दादर ते ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या क्रिकेटचा स्कोअर पाहता यायचा.

मराठी मात्र चौकोन चौकोन! एकदम आठवलं, पत्त्याच्या जागी ओपेरा:कॉन्फिग टाइप करायचं आणि बिटमॅप फॉन्ट 'येस' करायचे. अक्षरं चित्रं बनून यायची. (कॉलेजात ही युक्ती सांगून मी दोन वडापाव कमावलेत.) केलं. दोन इंची पडद्यावर 'मुंबई' उमटलं, काना-मात्रेसकट.

भाच्याला दाखवायला गेलो, तर तो पडद्यावर बोट घासत बसला. "मामा, हा हँग झालाय."

आता आई सिम परत मागतेय.