318 रुपये कमी पडले

आमच्या बँकेची शाखा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आहे. धान्य बाजारातले हमाल, शिरोलीच्या फौंड्रीत जाणारी पोरं, घरकाम करणाऱ्या बायका आणि नागाळा पार्क, ताराबाई पार्कातले मोठे ठेवीदार, सगळे एकाच काउंटरवर येतात. पासबुकं उघडली की मात्र ही माणसं एकमेकांपासून किती लांब राहतात ते दिसतं. एकाच्या खात्यात एका तिमाहीचं जेवढं व्याज जमा होतं, तेवढा दुसऱ्याचा वर्षाचा पगारही नसतो.

श्रावणातला सोमवार होता. तीन बायका एकत्र आल्या. दोघी चाळिशीतल्या आणि एक साठी उलटलेल्या, चष्मा लावलेल्या. या चष्म्याच्या बाईंना मी ओळखत होतो. त्यांच्या ठेवी आमच्याकडेच आहेत. दोघींतली पहिली बाई त्यांच्या घरी कामाला. तीच आधी बोलली.

"सायेब, मालक गेले माजे. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी. छातीत कळ आली, सीपीआर दवाखान्यात नेस्तोवर..." पुढं तिला बोलवेना.

चष्म्याच्या बाईंनी तिच्या नवऱ्याचं पासबुक माझ्यापुढं ठेवलं. मे महिन्यातल्या एका नोंदीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. 436 रुपये. "जीवन ज्योतीचा हप्ता गेलाय बघा. मी मेमध्येच बघून घेतलं होतं."

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना बहुतेकांनी नावानं ऐकलेली असते. 18 ते 50 वयाच्या बचत खातेदाराला तिच्यात भाग घेता येतो आणि वर्षाला 436 रुपये खात्यातून आपोआप कापले जातात. मृत्यू कशानंही झाला तरी वारसाला 2 लाख मिळतात. (नवीन नाव घातलं तर पहिले 30 दिवस फक्त अपघाती मृत्यू धरतात.) तिच्या जोडीला सुरक्षा विमा असतो. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा, पण फक्त अपघाताचा. दोन्हींचं वर्ष 1 जूनला सुरू होऊन 31 मेला संपतं. म्हणून मेच्या अखेरीस खात्यात 456 रुपये असणं याला एवढं महत्त्व. तेवढी शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा तिथंच थांबतो. मोबाइलवर मेसेज येतो, पण नंबर बदललेला असतो, नाहीतर फोन पोराकडे असतो.

कागद सगळे बरोबर होते. महापालिकेचा मृत्यू दाखला, दोघांची आधार कार्डं, वारस म्हणून तिचं नाव, तिच्या स्वतःच्या खात्याचं पासबुक. मी दाव्याचा अर्ज भरायला घेतला. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक पासबुक काढलं.

"आमच्या मालकांचं बी बगा की वो सायेब. शिमग्याच्या वक्ताला गेले. कावीळ झालती."

दोघी एकाच गल्लीतल्या. हिचा नवरा सेंट्रिंगच्या कामाला जायचा. मी खातं उघडलं. दोन वर्षं ओळीनं मे महिन्यात हप्ता कापलेला होता. तिसऱ्या वर्षी, म्हणजे तो गेला त्याच्या आधीच्या मेमध्ये, कापलेला नव्हता. 31 मे रोजी शिल्लक 118 रुपये.

318 रुपये कमी पडले होते.

तिला कसं सांगायचं ते मला सुचेना. शेवटी आहे तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्या वक्ताला घरात न्हवतं असं न्हाई वो. डब्यात हजारभर तरी असतील. बँकेत टाकाय पायजेत, हे कुनी सांगितलं न्हाई." या वाक्यानं मी आतून हललो. पैसे होते. शाखेपासून वीस मिनिटांच्या अंतरावर, तांदळाच्या डब्यात होते.

मग मी दुसऱ्या वाटा बघितल्या. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी असती, तर नैसर्गिक मृत्यूलाही वारसाला 2 लाख आणि विधवेला पाच वर्षं दरसाल 24,000 मिळाले असते. नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो बहुतेकदा ठेकेदाराकडूनच घ्यावा लागतो. "मालक दोन ठेकेदारांकडं गेलते. सही करत न्हाईत. मागं लागंल म्हंत्यात." त्या माणसानं या शहरात किती स्लॅब उभे केले असतील. त्यातल्या एकाही घरमालकाला आपल्या ठेकेदाराजवळ बसून ती सही करून घ्यावीशी वाटली नाही. वाटली नाही म्हणण्यापेक्षा, असा काही कागद असतो हेच त्यांना माहीत नसणार.

कोल्हापूरचा माणूस हात आखडता घेणारा नाही. 2019 च्या महापुरात आणि पुन्हा 2021 ला लोकांनी घरातून भाकऱ्या थापून दिल्या, अनोळखी माणसांना तालमीत आणि मंगल कार्यालयात ठेवून घेतलं. मी ते डोळ्यांनी बघितलंय. पण पाणी ओसरल्यावर भिजलेली पासबुकं, लगदा झालेली रेशनकार्डं घेऊन माणसं आमच्या दारात आली, तेव्हा त्यांच्यासोबत कोणी नव्हतं. भाकरी देणारे हात भरपूर असतात. रांगेत सोबत उभं राहणारा क्वचित मिळतो. शिकलेल्या, पैसेवाल्या माणसाकडं पैशाखेरीज आणखी एक गोष्ट असते. त्याला अर्ज वाचता येतो आणि कचेरीत त्याला "उद्या या" म्हणताना साहेब दोनदा विचार करतो. गरिबाला याचीच सगळ्यात जास्त उणीव असते, असं मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर वाटतं.

त्या चष्म्याच्या बाई काय करतात ते मी त्यांना विचारलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्या कामवालीला घरातली सगळी पासबुकं भरून आणायला सांगतात, तिचं, नवऱ्याचं, थोरल्या मुलाचं. शिल्लक कमी असेल तर पगारातले पाचशे आगाऊ खात्यावर टाकतात. "फुकट नको म्हणते ती, आणि बरोबरच आहे. पुढच्या महिन्यात वळते करून घेते." पगारही रोख न देता खात्यावर देतात, म्हणजे खातं चालू राहतं. अपार्टमेंटच्या वॉचमनचंही बघतात. वर्षातून एक दुपार जाते, म्हणाल्या.

तेव्हापासून मोठी ठेव करायला कोणी आलं की सह्या होईपर्यंत मी विचारतो, घरी कामाला कोण आहे, ड्रायव्हर आहे का, त्यांची खाती कुठं आहेत? काहींना हा आगाऊपणा वाटतो. तरी मी विचारतो. एक फरशीचे व्यापारी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गोडाऊनमधल्या सगळ्या हमालांना घेऊन आले. अधल्यामधल्या महिन्यातही नाव घालता येतं, आणि सप्टेंबरपासून जीवन ज्योतीचा हप्ता कमी होत जातो. डिसेंबर ते फेब्रुवारीत 228 रुपये, मार्च ते मेमध्ये 114. हे सांगितलं की लोक चकित होतात.

पहिल्या बाईचे 2 लाख गणपतीच्या आधी खात्यावर आले. तिनं त्यातले दीड लाख मुलीच्या आयटीआयसाठी ठेवीत टाकले.

दुसरीसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा आहे, महिना 1,500 रुपयांचा. त्याला वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. दोन घरची धुणीभांडी केली तरी वर्षात त्यापेक्षा जास्त होतात, मग तो दाखला कुठल्या तोंडानं मागायचा? दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर ही अट आड येत नाही. सासऱ्याचं नाव जुन्या यादीत होतं, असं ती म्हणते. चष्म्याच्या बाई परवा तिला घेऊन तहसील कचेरीत गेल्या होत्या. उतारा निघाला नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा जायचं ठरलंय, आणि या खेपेला मीही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.