कमाईचा तक्ता, ताकदीचा तक्ता: माझ्या रँकिंग शीटचा तिसरा हंगाम

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या संघांचं रँकिंग मी स्वतःच्या शीटमध्ये काढतो; माझा संघ ओहायो स्टेट. पहिली दोन वर्षं या शीटमध्ये एकच तक्ता होता. २०२४च्या हंगामात दोन करावे लागले. का, आणि त्यातून काय हाती लागलं, ते सविस्तर लिहून ठेवतोय. तुमच्यातले बरेच जण स्वतःचं रँकिंग चालवतात, तेव्हा कधी ना कधी तुमचीही गाडी इथे अडणार आहे.

सप्टेंबर २०२४

शीट अजून कोली पद्धतीवरच उभी आहे. वेस्ली कोली हे खगोलशास्त्रज्ञ. बीसीएसच्या, म्हणजे अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या, काळात सहा कम्प्युटर रँकिंग धरली जायची, त्यातलं एक त्यांचं. मला ही पद्धत भावते ती तिच्या स्वच्छपणामुळे. किती गुणांनी जिंकलात याला तिथे किंमत नाही, कॉन्फरन्सच्या (संघ ज्या लीगमध्ये खेळतो तिच्या) नावाला नाही, गेल्या वर्षीच्या पुण्याईला तर नाहीच. एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांवरच्या रँकिंगमध्ये) ऑगस्टात जो वर बसतो तो हरेपर्यंत सहसा खाली येत नाही. कोलीत सगळे ०.५ वर सुरू होतात.

नव्यांसाठी हिशेब एकदा लिहितो. जिंकलेले उणे हरलेले सामने, त्याचं निम्मं. त्यात १ मिळवा. त्यात सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची बेरीज मिळवा. आलेल्या आकड्याला सामन्यांची संख्या अधिक २ यानं भागा. प्रतिस्पर्ध्यांची रेटिंगही अशीच काढायची असल्यामुळे सगळी समीकरणं एकदम सोडवावी लागतात. वरच्या एफबीएस गटातले १३४ संघ म्हणजे १३४ समीकरणं. एक्सेलचं एमइन्व्हर्स (मॅट्रिक्सचा व्यस्त काढणारं सूत्र) हे काम विनातक्रार करतं.

इतकी उठाठेव कशासाठी, हे घरचे विचारतात. १३४ संघांच्या आपसांत ८,९११ जोड्या होतात आणि प्रत्येकाला खेळायचे असतात बाराच सामने. म्हणजे शंभर जोड्यांतल्या जेमतेम आठ-नऊ जोड्या समोरासमोर येतात. बाकीच्यांची तुलना मधल्या संघांच्या साखळीतूनच करावी लागते. आपले सगळे वाद याच रिकाम्या जागेत होतात.

ऑक्टोबर, बाय वीक

ओहायो स्टेटचा सामना नव्हता, म्हणून २०२३चा हंगाम पुन्हा चालवला. अटलांटातल्या मावसभावाशी चाललेला जुना वाद मिटवायचा होता. फ्लोरिडा स्टेट १३-०, कॉन्फरन्स जिंकलेलं, तरी पाचवं आणि चार संघांच्या प्लेऑफच्या (विजेतेपदाच्या बाद फेरीच्या) बाहेर. अलाबामा १२-१, टेक्सासकडून स्वतःच्या मैदानावर ३४-२४ हरलेलं, पण शेवटी जॉर्जियाला २७-२४ हरवून आत. भाऊ जॉर्जियाचा कट्टर, त्याच एसईसी कॉन्फरन्समधल्या अलाबामाचं त्याला काडीचं कौतुक नाही, तरी म्हणतो, "दादा, तेरा-शून्य काय घेऊन बसलास? एसईसीतलं वेळापत्रक खेळून दाखवा म्हणावं."

मी हे कागदावर मांडलं. दोघांचाही एकेक सामना खालच्या एफसीएस गटातल्या संघाशी होता, तो बाजूला ठेवला. उरले बारा-बारा. फ्लोरिडा स्टेटचा अंश १ + ६ + प्रतिस्पर्ध्यांची बेरीज, अलाबामाचा १ + ५ + प्रतिस्पर्ध्यांची बेरीज. छेद दोघांचा १४. म्हणजे एका पराभवाची किंमत बरोब्बर १. ती बारा सामन्यांत भरून काढायची तर अलाबामाचे प्रतिस्पर्धी सरासरीनं १/१२, म्हणजे ०.०८३ इतके सरस असायला हवेत. "एसईसी भारी" या वाक्याचा आकडा हा. त्या रात्री फोनवर आम्ही दीड तास याच ०.०८३ वर भांडलो, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो.

पण शीट बंद करताना एक गोष्ट मनात अडकून राहिली. प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या कमिटीनं फ्लोरिडा स्टेटला वगळलं ते या हिशेबावर नव्हेच. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध त्यांचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय जायबंदी झाला. त्यानंतर ते फ्लोरिडाशी २४-१५ आणि लुईव्हिलशी १६-६ जिंकले, तरी कमिटीच्या अध्यक्षांनी सांगितलं की ट्रॅव्हिसविना हा संघ वेगळा आहे. मी विचारत होतो, कोणी किती कमावलं? कमिटी विचारत होती, आज मैदानात उतरवलं तर कोण भारी पडेल? माझ्या तक्त्यात दुसऱ्या प्रश्नाला जागाच नव्हती.

ट्रॅव्हिस जखमी झाला तो दिवस आठवला की मला आजही वाईट वाटतं. त्या पोरांनी पुढचे दोन्ही सामने जिंकले होते. याहून जास्त त्यांनी काय करायला हवं होतं?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

चूक सापडली. नीट लिहितो, कारण ही कुणाच्याही शीटमध्ये होऊ शकते.

मी रविवारी सकाळी चहा घेऊन बसतो आणि शनिवारचे निकाल भरतो. नोव्हेंबर लागला की मॅक कॉन्फरन्सचे सामने मंगळवारी-बुधवारी रात्री होतात. ते शनिवारच्या यादीत नसतात, म्हणून मी भरलेच नव्हते. कोलीत सगळ्या संघांच्या रेटिंगची सरासरी ०.५ यायलाच हवी, आणि ती येत होती. अख्खा सामनाच गळला तर सरासरी ढळत नाही, त्यामुळे त्या तपासणीत काहीच दिसलं नाही. नजर गेली ती मॅकमधल्या नॉर्दर्न इलिनॉयच्या ओळीवर, तिथे सामने कमी. आणि नॉर्दर्न इलिनॉय म्हणजे सप्टेंबरात नोटर डेमला त्यांच्याच घरी १६-१४ हरवणारा संघ. त्यांचं रेटिंग चुकलं की नोटर डेमचं चुकतं, आणि तिथून नोटर डेमच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं.

२०१०मध्ये खुद्द कोलींच्या हिशेबात एफसीएस गटातला एकच सामना राहून गेला होता. तो धरल्यावर बीसीएसमध्ये बॉइसी स्टेट अकराव्यावरून दहाव्यावर आलं आणि एलएसयू एक पायरी खाली गेलं. त्या दोघांपैकी कुणीही तो सामना खेळलेलं नव्हतं. आता मी प्रत्येक संघाच्या जय-पराजयाचा रकाना बाहेरच्या रेकॉर्डशी ताडून पाहतो आणि फरक असेल तो चौकोन लाल करतो. तुम्हीही करा.

३० नोव्हेंबर

मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. आपल्या घरी. सहा जिंकून पाच हरलेल्या संघाकडून, जो वीसेक गुणांनी हरेल असं सगळे धरून चालले होते. सलग चौथं वर्ष.

संध्याकाळी कोलंबसचे रस्ते एवढे शांत होते की फॉल सुट्टीला सगळं गाव निघून गेलंय असं वाटावं. मी लॅपटॉप उघडला, १० आणि १३ टाकलं, एंटर दाबलं. बायको मागून म्हणाली, "आजच्या दिवस राहू दे ना." पण राहू दिलं असतं तर पुढे कुठलाच आकडा खरा राहिला नसता.

त्याच रात्री ताकदीचा तक्ता सुरू केला. रेटिंग म्हणजे गुणफरकाची सरासरी अधिक प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी. घरच्या मैदानाचे अडीच गुण वजा. दुबळ्या संघाला धुतल्याचा फायदा मिळू नये म्हणून फरकाला २८ची मर्यादा घातली. ओहायो स्टेटचे बारा सामने हातानं मोजले: केलेले गुण ४२६, दिलेले १३१, फरक २९५, सामन्याला २४.६. मर्यादा घातल्यावर उरतात २२२, म्हणजे १८.५. वेस्टर्न मिशिगनला ५६-० हरवलेलं निम्म्यावर आलं, पण इंडियानाविरुद्धचं ३८-१५ जसंच्या तसं राहिलं. हाच आकडा मला हवा होता. दोन पराभव एकूण चार गुणांचे: ओरेगनकडे ३२-३१, आणि हा. कमाईच्या तक्त्यात ते पूर्ण दोन पराभव आहेत आणि असलेच पाहिजेत. ताकदीच्या तक्त्यात संघ वरच्या मोजक्यांतच राहिला.

८ डिसेंबर

बारा संघांचं पहिलं प्लेऑफ. शेवटच्या जागेसाठी एसएमयू ११-२ की अलाबामा ९-३, यावर भावाचा सकाळपासून फोन. या वेळी त्याला सरळ विचारलं, "तू कुठल्या तक्त्याबद्दल बोलतोयस?" ताकदीच्या तक्त्यात त्याचं म्हणणं मला मान्य होतं. पण वँडरबिल्टकडे ४०-३५, आणि ओक्लाहोमाकडे तर २४-३ हरून कमाईत जागा मागता येत नाही. एसएमयू आत गेलं ते बरोबर झालं.

माझं खरं दुखणं सीडिंगचं, म्हणजे प्लेऑफमधल्या क्रमाचं, आहे. नववं बॉइसी स्टेट आणि बारावं अॅरिझोना स्टेट कॉन्फरन्स जिंकले म्हणून तिसरं-चौथं सीड आणि बाय (पहिली फेरी न खेळता पुढे) घेऊन गेले. सहाव्या ओहायो स्टेटला आठवं सीड. म्हणजे देशात एकटं अपराजित राहिलेल्या ओरेगनला बक्षीस काय, तर पहिल्याच सामन्यात बहुधा ओहायो स्टेट. माझ्या दोन्ही तक्त्यांना हे पटत नाही.

२१ डिसेंबर ते २० जानेवारी

पहिल्या फेरीत टेनेसीच्या सामन्याला हॉर्सशूमध्ये, आपल्या स्टेडियममध्ये, होतो. पारा शून्याखाली, अंगात दोन थर्मल, आणि वरच्या डेकमध्ये टेनेसीवाल्यांच्या नारिंगी टोप्यांची एवढी गर्दी की तीन आठवड्यांपूर्वीच्या पराभवानं आपल्याच लोकांनी तिकिटं विकली हे दिसत होतं. ४२-१७.

पुढच्या फेरीत, रोझ बोलमध्ये, ओरेगन. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० होतं, शेवट ४१-२१. ओरेगनच्या ओळीकडे मी डिसेंबरात बोट दाखवत होतो ते याचसाठी: बॉइसी स्टेटवर ३७-३४, विस्कॉन्सिनवर १६-१३, आपल्यावर ३२-३१. कमाईत तेरा विजय, त्यात एक पैसा खोटा नाही. ताकदीत मात्र तेवढं अंतर कधीच नव्हतं. पुढे टेक्सासवर २८-१४, तोवर बाय मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरून घरी गेले होते.

अंतिम सामना भावाकडे अटलांटात पाहिला. ३१-७ वरून नोटर डेम ३१-२३ पर्यंत आलं तेव्हा त्याच्या सोफ्यावर मला बसवेना. तिसरा डाउन (चारांतला तिसरा प्रयत्न), अकरा यार्ड हवे, विल हॉवर्डनं चेंडू उंच सोडला आणि जेरेमाया स्मिथनं ५६ यार्डांवर नेला. मी रडलो. ३४-२३.

मे २०२५

पुढच्या हंगामापासून सीड सरळ रँकिंगप्रमाणे, असं ठरलं. मला मनापासून आनंद झाला.

बाकी कामं: २८ची मर्यादा मी अंदाजानं घातलीय. २१ आणि ३५ धरून मागचे तीन हंगाम चालवून पाहायचे आहेत. क्वार्टरबॅक जखमी झाला तर ताकदीच्या तक्त्यातून किती गुण वजा करायचे, हे अजून सुटलेलं नाही. कुणी करून पाहिलं असेल तर जरूर लिहा. मॅकचे सामने आता गुरुवारी भरले जातात. ३० ऑगस्टला टेक्सास कोलंबसला येतंय. डेलावेअर आणि मिझुरी स्टेट हे दोन नवे धरून १३६ संघ शीटमध्ये टाकलेत, आणि सगळ्यांसमोर ०.५ लिहिलंय.