२५ लिटरचं अचूक गणित

हल शहराच्या आसपास ब्रिटनमधल्या कॅरावान आणि मोटरहोमचे, म्हणजे आत राहता येईल अशा गाड्यांचे, बरेच कारखाने आहेत, त्यामुळे दुरुस्तीची वर्कशॉपही इथे भरपूर. त्यातल्या एकात मी गॅसचं काम करतो. इंजिनाला मी हात लावत नाही. ड्रायव्हरच्या सीटमागे जे छोटं घर असतं त्यातली शेगडी, हीटर, गरम पाण्याचा बॉयलर आणि फ्रिज, एवढी माझी हद्द. हो, फ्रिजसुद्धा. त्यात आत एक बारीक ज्योत जळते आणि तिच्या उष्णतेवर बर्फ तयार होतो. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं, मी थापा मारतोय.

उन्हाळा जवळ आला की आमच्याकडे एकच चौकशी सारखी येते: पुन्हा भरता येणाऱ्या टाक्या बसवून द्याल का? इथेही आपल्यासारखीच रिकामी टाकी देऊन भरलेली घ्यायची पद्धत आहे. पण इंग्लंडची टाकी फ्रान्समध्ये कोणी बदलून देत नाही, फ्रान्सची स्पेनमध्ये चालत नाही आणि प्रत्येकाचं तोंड वेगळं. कॅम्पिंगगाझच्या निळ्या टाक्या युरोपभर मिळतात, पण सगळ्यात मोठीत पावणेतीन किलो ब्युटेन. थंडीत हीटर लावला तर ती कधी संपली तेही कळत नाही. म्हणून लोक स्वतःच्या मालकीची टाकी बसवून घेतात आणि गाड्यांसाठीचा एलपीजी पेट्रोलपंपावरून थेट तिच्यात भरतात. बदलून घेतलेल्या टाकीतला गॅस किलोमागे पंपापेक्षा दुप्पट-तिप्पट महाग पडतो. हिशेब सरळ आहे, आणि सरळ हिशेबाची माणसंच जास्त करून माझ्याकडे येतात.

त्या दिवशी आलेलं जोडपं तसंच होतं. आजोबा सत्तरी ओलांडलेले, उभं आयुष्य पुलांच्या बांधकामाचे हिशेब तपासण्यात गेलेलं. हंबर नदीवरच्या पुलाबद्दल पाच मिनिटं बोलले आणि मलाही ते ऐकायला आवडलं. आजींच्या हातात वही. हिवाळ्याचे तीन महिने स्पेन-पोर्तुगालमध्ये काढायचे, कॅम्पसाइटला पैसे घालवायचे नाहीत, त्यामुळे वीज नाही आणि सगळं गॅसवर. दोन टाक्यांच्या सिस्टिमचा अंदाज हवा होता. जाता जाता आजोबा म्हणाले, "शेगडीचंही जरा बघा. सकाळी चहा करताना ज्योत उड्या मारत होती, पिवळी पडत होती. रेग्युलेटर जुना झाला असेल."

रेग्युलेटर खरोखर जुना होता. पण ज्योत उड्या मारते याचा एक वाईट अर्थही असतो: वाफेऐवजी द्रवरूप गॅस पाइपमध्ये शिरतोय. मी टाकीचा कप्पा उघडला. आत १३ किलोची लाल प्रोपेनची टाकी, भाड्याची, म्हणजे कंपनीच्या मालकीची. आणि कोपऱ्यात, फडक्यावर नीट ठेवलेलं, एक पितळी अडॅप्टर. एका बाजूला टाकीचे डावे आटे, दुसऱ्या बाजूला पंपाची नळी अडकवायचं तोंड.

मी विचारलं तर आजोबा खूश झाले. कोणीतरी विचारावं याचीच वाट बघत असावेत. ऑनलाइन मागवलं, आदल्या दिवशी वाटेतल्या पंपावर पहिल्यांदाच वापरलं, आणि त्यांनी वहीतलं पान दाखवलं. प्रोपेनची घनता लिटरला ०.५१ किलो. १३ भागिले ०.५१ म्हणजे साडेपंचवीस. सुरक्षितता म्हणून २५ लिटरला पंप थांबवला.

गणितात एकही चूक नव्हती. मी ते दोनदा तपासलं.

मग मी टाकी उचलली आणि उचलतानाच कळलं. रिकाम्या टाकीचं वजन गळ्याजवळच्या चकतीवर कोरलेलं असतं. काट्यावरच्या आकड्यातून ते वजा केलं तर आत १५ किलो गॅस होता. भरायच्या वेळी टाकी रिकामी नव्हतीच. आजोबांनी ती हलवून बघितली होती, त्यांना रिकामी वाटली. दोन किलोहून जास्त प्रोपेन तळाशी होतं. एवढं काटेकोर लिहिणाऱ्या माणसाने टाकी घरच्या वजनकाट्यावर का ठेवली नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बाहेरच्यांना दोन किलो म्हणजे काय ते चटकन कळत नाही, म्हणून थोडं सांगतो. द्रवरूप प्रोपेन तापलं की पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. त्यासाठी टाकीचा साधारण पाचवा भाग मोकळा सोडतात. तिथे नुसती वाफ असते आणि वाफ दबते. ती जागा संपली की आत द्रवच द्रव. द्रव दबत नाही, मग पुढच्या एकेका अंशाला दाब झपाट्याने चढतो. १३ किलोच्या टाकीचं आतलं माप सुमारे ३० लिटर. त्यात १५ किलो प्रोपेन असेल तर तापमान २५ अंशांच्या आसपास पोचताच टाकी काठोकाठ भरते. सकाळी नऊला बाहेर १७ होतं. दुपारचा अंदाज २६ चा होता, आणि उन्हातल्या बंद कप्प्याला हवामानखात्याचे अंदाज लागू होत नाहीत.

टाकी फुटली असती असं मी म्हणणार नाही. सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, तो उघडला असता. पण उघडून गॅस जातो कुठे? प्रोपेन हवेच्या दीडपट जड. कप्प्याच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, म्हणजे गळती घरात न शिरता खाली जमिनीवर जावी. या गाडीत त्याच अंगाला, दोन हातांवर, फ्रिजच्या बर्नरची जाळी होती. आदल्या रात्री ते एका शेतात मुक्कामाला होते. फ्रिज गॅसवर चालू होता.

पुढचा तासभर मी बडबड केली नाही. व्हॉल्व्ह बंद, नळी सोडवली, टाकी उभीच ठेवून इमारतीच्या उत्तरेला सावलीत नेली, गटाराच्या तोंडापासून लांब, भोवती ओलं गोणपाट. टाकीची मालक असलेल्या कंपनीला फोन. गाडीला 'तात्काळ धोकादायक' अशी चिठ्ठी आणि ग्राहकाच्या सहीचा कागद. हा कागद बघून आजोबा दुखावले. त्यांच्या कामाच्या दिवसांत अशा कागदांवर सह्या घेणारे तेच असणार.

आमचा एक सहकारी आहे. तांब्याचा पाइप वाकवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तो म्हणाला, "मागच्या अंगणात नेऊन थोडा सोडून देऊ, पाच मिनिटांचं काम." मागच्या अंगणात बरोबर मधोमध गटार आहे आणि पलीकडे वेल्डिंगवाला बसतो. या धंद्यात हातात कसब असलेल्या माणसांची मला जितकी भीती वाटते तितकी नवशिक्यांची वाटत नाही. इचलकरंजीत मी गॅरेजात शिकत होतो तेव्हा शेजारच्या गल्लीत घरगुती लाल टाकीतून रिक्षांमध्ये गॅस भरणारा एक जण होता, तोही कसबीच. त्याच्याकडे मोजमाप नव्हतं, कानाने अंदाज घ्यायचा. पुलांचे हिशेब करणाऱ्या इंजिनिअरने वही घेऊन शेवटी त्याच गल्लीत पोचावं, याचं मला नवल वाटलं.

कंपनीचा माणूस दुपारी दोनला आला. काटा बघितला, टाकी उचलून पिंजऱ्यात उभी केली, पट्टे आवळले. "महिन्यात अशी एखादी असतेच," एवढंच म्हणाला. ती अडॅप्टरं विकणारे पाकिटावर बारीक अक्षरात 'फक्त वाहनाच्या टाकीसाठी' लिहून मोकळे होतात. डाव्या आट्यांचं ते तोंड वाहनाच्या कुठल्या टाकीला बसतं, ते त्यांनी एकदा दाखवावं.

मधल्या वेळात सिस्टिम ठरवायची होतीच. आजोबांचा मूड गेला होता, पण प्रश्न विचारायचा त्यांनी सोडला नाही. "म्हणजे तुमच्या महागड्या टाकीत आणि या टाकीत फरक एका तरंगणाऱ्या गोळ्याचा?"

बऱ्याच अंशी, हो. आमच्या टाकीच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हला आतून एक तरंगणारा फ्लोट जोडलेला असतो. द्रव ८० टक्क्यांवर आला की तो झडप लावतो, पंप घुरघुरतो आणि आकडा थांबतो. आत आधीचं दोन किलो होतं की आठ, त्याला काही देणंघेणं नाही. टाकी उभी आणि गाडी सपाटीवर असली की झालं.

बाकीच्या गोष्टी त्यांच्या प्रवासाने ठरवल्या. गाडीखाली कायमची टाकी बसवली असती तर कप्पा मोकळा झाला असता, पण त्यांच्या गाडीचं पोट आधीच खाली आणि पोर्तुगालचे कच्चे रस्ते त्यांना आवडतात. शिवाय गाडीखाली बसवायची तर वाफ वरून घेणारी टाकीच हवी. गाडीच्या इंजिनासाठीची टाकी तळातून द्रव देते, आणि स्वस्तात मिळते म्हणून तीच शेगडीला जोडलेली मी पाहिली आहे. मग वजन. इथे सत्तरीनंतर वैद्यकीय तपासणी देऊन परवाना वाढवला नाही तर साडेतीन टनांवरची गाडी चालवता येत नाही. आजोबांची गाडी बरोबर ३५०० किलोची, आणि आजींच्या वहीत पुस्तकं, वाइन आणि कुत्र्याचं खाणं यांची वजनं लिहिलेली. स्टीलची ११ किलोची टाकी रिकामीच १२-१३ किलो भरते, ॲल्युमिनियमची त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे ११ किलोच्या दोन ॲल्युमिनियमच्या. पैसे जास्त, पण इथे आजींनी निर्णय दिला आणि आजोबा गप्प बसले.

भरायचं तोंड मी बाहेरच्या पत्र्यात बसवलं, खिडकीपासून आणि फ्रिजच्या जाळीपासून लांब. ते कप्प्याच्या आत असलं की पंपावरचा माणूस सुटी टाकी समजून नळी काढून घेतो. त्याचं चुकत नाही, त्याने लाल टाक्या भरणारे बघितलेले असतात. नळ्या स्टीलच्या. रबरी नळीतला तेलकट अंश गॅसबरोबर वाहत जाऊन रेग्युलेटरमध्ये साचतो, आणि मग लोक रेग्युलेटरला शिव्या देतात. जोड तपासायला गळती शोधायचा फवारा वापरला. भांड्यांच्या साबणात मीठ असतं, ते पितळ खातं. साबणाच्या पाण्याचा वाडगा घेऊन येणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, वाडगा बाजूला ठेवतो.

सोबत परदेशातले अडॅप्टर दिले: फ्रान्स-इटलीला बशीसारखं, जर्मनी-बेल्जियमला जाड आट्यांचं, स्पेनला वेगळं. आणि एक गोष्ट आजींच्या वहीत लिहून दिली. ब्रिटनमध्ये पंपावर जवळजवळ निव्वळ प्रोपेन मिळतं. दक्षिणेकडे त्यात ब्युटेन मिसळतात, प्रमाण देशागणिक, ऋतूगणिक बदलतं. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ उकळतं, प्रोपेन उणे ४२ ला. टाकीतून आधी प्रोपेन निघून जातं आणि तळाशी ब्युटेन उरतं. स्पेनमध्ये भरलेली टाकी घेऊन परतताना पिरेनीजमध्ये बर्फात मुक्काम केला, तर काटा अर्धी टाकी दाखवेल आणि हीटर पेटणार नाही. डोंगर चढायच्या आधी ताजा गॅस भरून घ्या.

एक गोष्ट मी त्यांना विकण्याच्या नादात लपवली नाही. ब्रिटनमध्ये एलपीजीचे पंप कमी होत चालले आहेत, कारण गॅसवर चालणाऱ्या गाड्याच उरल्या नाहीत. युरोपात फिरणाऱ्याला अजून चिंता नाही. इथल्या इथे वीकेंडला जाणाऱ्याला मी ही सिस्टिम घेऊ नका म्हणून सांगतो. मालकाला ते आवडत नाही.

गाडी न्यायला आले तेव्हा आजोबा पुन्हा खुलले होते. पैसे दिले, फ्लोटचा आवाज कसा येतो ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, "माझं ते अडॅप्टर?"

मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं आणि ते विसरतील अशी आशा करत होतो. वस्तू त्यांची, पैसे त्यांचे. ते जप्त करायचा मला अधिकार नाही. मालकाने डोळ्यांनीच सांगितलं, देऊन टाक. बिलावर आधीच ओळ छापली होती, ग्राहकाला धोक्याची लेखी सूचना दिली आहे. मालकाच्या दृष्टीने विषय त्या ओळीवर संपतो आणि कायद्याने त्याचं बरोबर आहे.

"आता कशाला लागेल तुम्हाला?" मी विचारलं.

"मला नको. शेजाऱ्याकडे मोटरहोम आहे, त्याला देतो. मात्र आधी टाकीचं वजन करायला सांगेन."

"त्याआधी त्यांना माझ्याकडे पाठवा. बघून देतो, पैसे घेणार नाही."

"सांगून बघतो," आजोबा म्हणाले, "पण तो माझ्याहून चिक्कू आहे."

शेजारी अजून आलेला नाही. आजींचा फोन नंबर बिलावर आहे. विचारावं का, ते ठरत नाहीये.