ताईचा वाजतो, माझा वाजत नाही

आईचा फोन वाजत नाही हे पहिल्यांदा कळलं ते गॅसचा सिलिंडर परत गेला तेव्हा. आई वाईला एकटी असते, मी पुण्यात. सिलिंडर घेऊन आलेल्या पोराने दुपारी दोनच्या सुमाराला खालून फोन केला, आईने उचलला नाही, आणि तो गाडी घेऊन पुढे निघून गेला. आई तेव्हा घरातच होती. फोन दिवाणावर होता आणि ती शेजारी बसून मेथी निवडत होती.

"वाजलाच नाही रे. नंतर बघते तर मिस्ड कॉल," ती म्हणाली.

मी पुण्यातून, सगळं कळत असल्याच्या थाटात, सांगितलं की सायलेंटवर गेला असेल, बाजूचं बटण वर दाब. तिने दाबलं. पट्टी आधीपासूनच पूर्ण वर होती. म्हटलं थांब, मी लावून बघतो. लावला. रिंग जात राहिली आणि आपोआप कट झाला. पुन्हा लावला तर लगेच, "हं, आता वाजला बघ!" म्हणजे मिटलं. मी जेवण उरकून कामाला लागलो.

दोन दिवसांनी बँकेतून आलेला फोन चुकला. मग मावशीचा. मी लावला की तेच व्हायचं, पहिला जायचा आणि दुसरा वाजायचा. आतली एखादी तार सुटत असेल असं मी ठरवून टाकलं. पूर्वी रेडिओ टपली मारल्यावर चालू व्हायचा, तसा हा दुसऱ्या कॉलला चालू होतोय. शेजारच्या काकूंचा कॉलेजातला मुलगा एकदा दुपारी येऊन काहीतरी करून गेला, तेव्हा फोन चांगला वाजायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत ये रे माझ्या मागल्या.

तोवर आईने स्वतःचं निदान काढलं होतं. "ताईचा बरोब्बर वाजतो. एकदा लावला तरी वाजतो. तुझाच वाजत नाही." ताईला हे इतकं आवडलं की तिने ते घरच्या ग्रुपवर टाकलं. मी ते चेष्टेवारी नेलं, तिथेच चुकलो. आईने सांगितलेली ही एकच गोष्ट नीट ऐकली असती तर पुढची धावपळ वाचली असती.

एका संध्याकाळी भाजीला जाताना आई फोन दुरुस्तीच्या दुकानात शिरली. दुकानदाराने स्वतःच्या मोबाइलवरून लावून पाहिला, तर वाजला. दवाखान्याची पायरी चढली की पोरांचं पोट दुखायचं थांबतं, त्यातली गत. तरी त्याने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, रिंगर गेलाय. साडेचारशे होतील." मुलाला विचारून सांगते, असं म्हणून आई निघून आली. कुठल्याही विक्रेत्यासाठी तिचं हे ठरलेलं उत्तर आहे. मुलाला प्रत्यक्षात ती क्वचितच विचारते, या वेळी मात्र विचारलं.

शनिवारी सकाळी वाई गाठली. चहा होईपर्यंत रिंगरचा निकाल लागला. फोनच्या खालच्या कडेला बारीक भोकांची रांग असते, तिच्या आतल्या मोठ्या स्पीकरला दुकानात रिंगर म्हणतात. बोलताना कानाशी येतो तो वरचा स्पीकर वेगळा. या खालच्या एकाच स्पीकरमधून रिंग येते, अलार्म येतो आणि यूट्यूबवरचं कीर्तनही येतं. आईचा पहाटे साडेपाचचा अलार्म रोज वाजत होता, हरिपाठही चालू होता. स्पीकर गेला असता तर अलार्मचीही बोंब झाली असती. तोंड एकच असलं तरी नळ मात्र वेगवेगळे असतात. आवाजाचं बटण दाबून पडद्यावरचे तीन ठिपके दाबले की गाण्यांची, रिंगची, नोटिफिकेशनची, अलार्मची अशा निरनिराळ्या पट्ट्या दिसतात. रिंगची पट्टी खाली गेलेली असेल तर कीर्तन कितीही जोरात लागो, फोन गप्पच राहतो. आईची ती पट्टी शेवटच्या टोकाला होती.

रेंजचाही प्रश्न नव्हता. रेंज नसती तर आम्हाला 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' ऐकू आलं असतं. कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले असते तर आईच्या यादीत मिस्ड कॉल पडले नसते. मिस्ड कॉल पडतोय याचा अर्थ कॉल फोनपर्यंत पोचतोय आणि फोनच तो गिळतोय. ब्लूटूथ पाहिलं, बंद होतं. रिंगटोन बदलून पाहिली. ऑफिसातला एक मित्र म्हणाला होता की डाव्या कडेची रिंग बंद करायची खिटी बघ. ती आयफोनवाल्यांची खिटी, आणि नव्या आयफोनांना तीही राहिली नाही. आईच्या साध्या अँड्रॉइडला ती नव्हतीच.

मग मला वाटलं, सापडलं. आई फोन कायम पालथा ठेवते, काचेवर धूळ बसते म्हणून. आणि फोन पालथा केला की रिंग बंद, अशी एक सोय बऱ्याच फोनांत असते. मी मोठ्या खुशीत सेटिंग उघडलं. बंद होतं. कधी चालू केलेलंच नव्हतं.

मग दुसरं काही सुचेना म्हणून मी कॉलची यादी उघडली आणि बोटाने खाली खाली सरकत राहिलो. लाल बाणाचे मिस्ड कॉल. २:१०. १:३५. ३:५०. ४:२०. पुन्हा १:४०, हा माझा, जेवणाच्या सुट्टीतला. सकाळचा एकही नाही. संध्याकाळचा एकही नाही. तीन आठवडे मागे गेलो तरी लाल बाण दुपारी एक ते पाचच्या मध्येच.

तेव्हा बारा चाळीस झाले होते. पानं घेतली, पण फोन ताटाशेजारी उताणा ठेवला. वरणभात कालवताना दोघांचंही लक्ष तिकडे. घड्याळात एक झाला आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बॅटरीशेजारी एक बारीक खूण उमटली, गोलात आडवी रेघ.

"आई, हे काय आलं?"

"ते होय? येतं रोज दुपारी. नो एन्ट्रीसारखं. पाचला जातं आपोआप." तिने भातावर तूप वाढलं. "मला वाटलं कंपनीचं काहीतरी असेल."

उष्ट्या हाताने, डाव्या बोटाने, वरचा पडदा खाली ओढला. 'व्यत्यय आणू नका' ही कॉल गप्प करणारी सोय पेटलेली होती. त्यावर बोट दाबून धरलं तर आतलं सेटिंग उघडलं आणि खाली वेळापत्रक सापडलं. रोज, दुपारी १:०० ते ५:००. वेळापत्रकाला नाव दिलेलं होतं, 'आईची झोप'.

ते नाव मीच टाईप केलं होतं. मार्चमध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुपारी पडली की कर्जवाल्यांचे आणि विमावाल्यांचे फोन तिला उठवायचे, म्हणून मी हौसेने ही सोय करून दिली आणि साफ विसरलो. तेव्हा ताई दीड महिना वाईला होती, सगळे ताईच्याच फोनवर चौकशी करायचे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. ताई सासरी परतली आणि आईचा फोन 'बिघडला'.

जेवण तसंच ठेवून मी अपवादांचं पान उघडलं, आणि तिथे एकेका कोड्याचं उत्तर लिहिलेलं होतं. अलार्मला परवानगी: पहाटे साडेपाचचा तर या वेळेबाहेरच होता, पण दुपारी लावला असता तरी वाजला असता. तारा, म्हणजे नावापुढची चांदणीची खूण, लावलेल्या संपर्कांच्या कॉलना परवानगी. तारा एकाच नावापुढे होता, तो ताईच्या. आपला फोटो वरच दिसावा म्हणून तिने तो स्वतःच लावून ठेवला होता. आणि पुन्हा कॉल करणाऱ्यांना परवानगी: एकाच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा लावला तर काहीतरी तातडीचं असेल असं समजून फोन वाजू देतो. मी दर वेळी लगेच दुसऱ्यांदा लावायचो. म्हणजे मी ज्याला तपासणी समजत होतो त्या तपासणीनेच मला फसवलं. सिलिंडरवाला बिचारा एकदाच लावून गेला. दुकानदाराने संध्याकाळी तपासला, तेव्हा वाजणारच. काकूंच्या मुलाने ती खूण बंद केली होती, पण ती त्या दुपारपुरती. मागचं वेळापत्रक जागच्या जागी राहिलं आणि दुसऱ्या दिवशी एकला आपल्या ड्यूटीवर हजर झालं.

पालथं ठेवण्याचंही यात अंग होतंच. रिंग बंद असली तरी कॉल आला की पडदा उजळतो, आणि उताणा फोन तिला मेथी निवडताना दिसला असता.

वेळापत्रक पुसलं आणि एकदाच कॉल लावला. वाजला, पण घसा बसल्यासारखा. दोन पावलांवर ऐकू येईल, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात नाही. कव्हर काढलं. खालच्या भोकांपैकी निम्मी पांढरी होती. पोळ्या लाटताना फोन ओट्यावर असतो आणि पिठाच्या हाताने उचलला जातो, त्यामुळे कणीक जाळीत जाऊन घट्ट बसलेली. एका भोकात कुंकूही होतं. आई टाचणी घेऊन आली, ती परत ठेवायला लावली. शेजारचं सुटं भोक माईकचं असतं, त्यात टाचणी गेली की वाजणाऱ्या फोनवर बोलणं ऐकू जायचं नाही. जुना मऊ टूथब्रश घेतला, अगदी कोरडा, आणि भोकं जमिनीकडे धरून हलक्या हाताने झाडत राहिलो. आईच्या साडीच्या रंगीत काठावर पांढरी भुकटी पडत होती. पाचेक मिनिटांनी पुन्हा लावला तर अंगणातून काकूंनी विचारलं, "झाला वाटतं?"

मग खरं सांगावं लागलं.

"म्हणजे तूच," आई म्हणाली. रागावली नाही, ताट उचलता उचलता थोडी हसली. हात पुसून आली आणि म्हणाली, "पण ते अगदी काढून नको टाकूस. दोन ते तीन ठेव. त्या कर्जवाल्यांचं काय करू मी?"

दोन ते तीन ठेवलं. सिलिंडरच्या पोराचा नंबर जतन करून त्याला तारा लावला. काकूंना लावला, मावशीला लावला. शेवटी माझ्या स्वतःच्या नावावर आलो आणि तिथेही लावला.