आमची वाटचाल : दवाखान्याची वही आणि दवाखान्याची माणसं

कोल्हापूर शहर आणि करवीर, कागल, राधानगरी या भागांतल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांचा हिशेब, कागदपत्रं आणि कर्मचारी सांभाळणं हे आमच्या फर्मचं काम. सुरुवात आयकराच्या विवरणपत्रांपासून झाली. पण मार्चअखेरीला पिशवीभर बिलं हातात आली की त्यातून कर काढता येतो, दवाखाना कसा चाललाय ते कळत नाही. म्हणून आम्ही रोजच्या वहीकडे वळलो.

आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी औषधासकट फी असते, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. समजा, रोज ५० पेशंट, फी १५० रुपये, महिन्याला २५ दिवस. कागदावर जमा १,८७,५००. पेशंटमागे ४५ रुपयांचं औषध धरलं तर ५६,२५० गेले. भाडं १०,०००, कंपाउंडर १५,०००, रिसेप्शनवरची मुलगी १३,०००, अर्धवेळ मावशी ४,००० आणि लाईट, छपाई, कचरा मिळून ५,००० असा ४७,००० खर्च. डॉक्टरांच्या हाती ८४,२५० राहायला हवेत. आता त्या ५० मध्ये ८ जण फेरतपासणीचे, म्हणजे बिनपैशांचे, आणि ४ उधारीचे असतील तर ४५,००० रुपये आलेच नाहीत. औषध मात्र सगळ्यांना गेलं. उरले ३९,२५०. गर्दी तीच, बाकावर बसायला जागा नाही, तरी निम्म्याहून जास्त कमाई गेलेली.

त्यामुळे कोणत्याही दवाखान्यात आमचं पहिलं काम एकच असतं: तपासणी, औषध-इंजेक्शन, ड्रेसिंग आणि दाखले यांचे रकाने वेगळे करणं. पेशंटकडून एकच रक्कम घ्या, वहीत ती फोडून लिहा. फेरतपासणी मोफत ठेवायची तर खुशाल ठेवा, पण तीन दिवसांच्या आत आणि औषधाचे पैसे घेऊन. यूपीआयचा क्यूआर डॉक्टरांच्या घरखर्चाच्या खात्याला जोडलेला नको. रात्री टोकन, केसपेपर आणि जमा या तिन्हींचा मेळ बसला तरच शटर खाली. आयकराच्या १९६२ च्या नियमांतला डॉक्टरांच्या रोजच्या नोंदीचा ३सी हा नमुनाही जवळपास हेच मागत आला: तारीख, अनुक्रमांक, पेशंटचं नाव, दिलेली सेवा, मिळालेली फी आणि ती मिळाल्याची तारीख.

उधारी बंद करा, असं आम्ही सांगत नाही. गावात ते चालणार नाही. दूधबिल दहा दिवसांनी येतं, ऊसबिल हंगामात. तेव्हा उधारीच्या वहीत नावापुढे ‘दूध’ की ‘ऊस’ एवढं लिहून ठेवावं. दुधाची उधारी दोन बिलांपलीकडे गेली की कंपाउंडरने पेशंटला आठवण करायची, डॉक्टरांनी नाही.

औषधाबद्दल एक गोष्ट पक्की हवी. नोंदणीकृत डॉक्टरांना स्वतःच्या पेशंटला औषध देण्यासाठी विक्री परवाना लागत नाही. पण काउंटरवरून कुणालाही गोळ्या विकल्या तर ही सूट संपते. खरेदी परवानाधारक होलसेलरकडूनच आणि बिलावर बॅच नंबर हवाच.

कर्मचारी मिळवून देण्याचं काम नंतर वाढलं आणि तेच सर्वांत अवघड आहे. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशी दोन तुकड्यांतली नोकरी कुणालाच नको असते. मधले पाच तास धड घरी जाता येत नाही, धड दुसरं काम करता येत नाही. माणसं टिकत नाहीत ती पगारापेक्षा या वेळेमुळे. आम्ही जवळ राहणारी माणसं शोधतो, आठवड्याची सुट्टी ठरवून देतो आणि पगार बँकेतच जमा करायला लावतो. इंजेक्शन-सलाईनचं काम डॉक्टर किंवा नोंदणी असलेली सिस्टर करेल, ‘हात बसलेला’ मुलगा नाही. यावर आम्ही तडजोड करत नाही. रुजू झाल्यावर हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (पहिला लगेच, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी) घ्यायचे. मावशींनाही, कारण सुई टोचण्याचा धोका कचरा उचलणाऱ्याला असतोच.

दवाखान्यातल्या (जैववैद्यकीय) कचऱ्याचे २०१६ चे नियम बेड नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्त लागलेला कापूस आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्यात, सुई काढलेली सिरिंज आणि ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या आणि अँप्यूल निळ्यात. चुकतं ते सुईला परत टोपण लावताना आणि गर्दीच्या वेळी सगळं पिवळ्यात टाकताना. कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही, म्हणून रविवारच्या सुट्टीचा हिशेब कचरा नेणाऱ्या गाडीच्या वेळेशी आधीच जुळवावा लागतो.

पावसाळ्याची तयारी हा कोल्हापूरचा खास भाग. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आम्ही नदीकाठच्या आणि सखल भागातल्या दवाखान्यांसाठी एक नियम केला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की वह्या, संगणक आणि लसी उंचावरच्या ओळखीच्या दवाखान्यात हलवायच्या. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही. लसी २ ते ८ अंशांतच हव्यात. फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक थेट लसीला लावला तर हिपॅटायटिस बी, धनुर्वात यांसारख्या लसी गोठून निकामी होतात. पॅक बाहेर ठेवून आत पाणी खळखळेपर्यंत थांबावं, मगच पेटीत घालावा.

गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांमुळे ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं काम समजून घ्यावं लागलं. तिथल्या पॅनल, म्हणजे योजनेच्या यादीवरच्या डॉक्टरांना पेशंट आला म्हणून नाही, तर नावावर नोंदलेल्या कामगारांच्या संख्येवर पैसे मिळतात. ब्रिटनमध्ये १९४८ पासून फॅमिली डॉक्टरांच्या कमाईचा मोठा भाग अशाच माणशी हिशेबावर चालतो. अशा डॉक्टरांचं गणित उलटं असतं: जास्त गर्दी म्हणजे जास्त खर्च. म्हणून पॅनलचे पेशंट आणि रोखीचे पेशंट आम्ही एका वहीत कधीच ठेवत नाही.

पेशंट पाठवण्याचं कमिशन, म्हणजे कट, आम्ही कोणत्याही नावाखाली वहीत घेत नाही. वैद्यकीय आचारसंहितेत ते निषिद्ध आहे आणि पेशंटच्या विश्वासाशी तो सरळ दगा आहे.

सध्या सर्वांत जास्त विचारणा येते ती दवाखाना सोपवण्याबद्दल. वय झालेल्या डॉक्टरांची मुलं पुण्या-मुंबईत असतात, आणि नव्या डॉक्टरांना बसलेला दवाखाना हवा असतो. फर्निचर, डिपॉझिट आणि दवाखान्याचा फोन नंबर हातबदल होऊ शकतो; मेडिकल कौन्सिलची नोंदणी प्रत्येकाची स्वतःची असते आणि कचऱ्याची परवानगी नव्या नावाने घ्यावी लागते. किंमत ठरवताना गर्दी पाहू नका, तीन वर्षांची ३सी वही पाहा. आणि दोघांनी निदान तीन महिने एकत्र बसावं, तेही संध्याकाळी, कारण जुने पेशंट संध्याकाळीच येतात.