जूनटीन्थ आणि हजार डॉलरची बाग

जूनटीन्थ म्हणजे १९ जून, अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीचा सण. तो ज्या लष्करी आदेशावरून सुरू झाला, तो आदेश क्रमांक ३ मी पहिल्यांदा मुळातून वाचला तेव्हा मला राग आला. १९ जून १८६५ रोजी उत्तरेच्या फौजेच्या जनरल गॉर्डन ग्रेंजरने तो टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टन बंदरात जारी केला. सुरुवात भव्य आहे: सर्व गुलाम मुक्त, आणि माजी मालकांच्या बरोबरीने त्यांना हक्क. शेवटी मात्र त्याच माणसांना बजावलंय की आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, लष्करी तळांवर गोळा होऊ नका, आळसात बसलात तर कोणी पोसणार नाही. जन्मभर फुकट राबलेल्यांना आळसाची ताकीद!

गुलाममुक्तीची राष्ट्राध्यक्ष लिंकनची घोषणा तर १ जानेवारी १८६३ चीच, यादवी युद्ध चालू असतानाची. पण टेक्सस दूर, तिथे उत्तरेची, म्हणजे लिंकनची, फौज फारशी नव्हती, आणि मालक आपणहून कशाला सोडतील? उलट इतर राज्यांतले कित्येक मालक आपले गुलाम घेऊन इकडेच आले. सुमारे अडीच लाख माणसं कायद्याने मुक्त होऊनही राबत राहिली.

म्हणून ग्रेंजरचे आभार मानायचा हा दिवस आहे, असं मला कधीच वाटलं नाही. सण केला तो सुटलेल्यांनी, पुढच्याच वर्षापासून. गोऱ्यांच्या ताब्यातल्या जागा मिळेनात, तेव्हा १८७२ मध्ये इथे ह्यूस्टनला, स्वतः गुलामीतून सुटलेले पाद्री जॅक येट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्गणी काढून हजार डॉलर उभे केले आणि १० एकर जमीन विकत घेतली. सात वर्षांपूर्वी ज्यांचीच खरेदी-विक्री व्हायची, त्यांनी स्वतःच्या नावावर जमीन घेतली, तीही आनंद साजरा करायला! थर्ड वॉर्ड या वस्तीतली ही इमॅन्सिपेशन पार्क आजही गजबजलेली असते. जूनटीन्थला लाल सरबत आणि कलिंगड हवंच. तो लाल रंग पूर्वजांच्या रक्ताची आठवण, असं मानतात. देशभराची सुट्टी मिळायला मात्र २०२१ उजाडलं.

बाग घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना, आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. ही अर्पणपत्रिका ज्या भाषकांच्या घरात आहे, त्यांना १९ जून ही नुसती जोडून आलेली सुट्टी वाटावी, याचं मला फार वाईट वाटतं.

इथल्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांना शिकवते. यंदा त्यांना घेऊन बागेत जाणार आहे. त्याआधी अर्पणपत्रिका आणि तो आदेश दोन्ही वाचायचे, आदेश तर शेवटच्या दोन वाक्यांसकट.