समासातल्या खुणा

१२ जुलै

चार दिवस पावसाने घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही, म्हणून कपाटाच्या वरच्या कप्प्यातून सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ काढून पुन्हा वाचायला घेतले. १९९० साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा आमच्या ऑफिसात डबा खाताना दुसरा विषय नसे. पु. ल. हयात होते, घरोघरी त्यांच्या कॅसेटी वाजत होत्या, आणि त्यांच्याच घरातून त्यांच्याविषयी इतके मोकळे, प्रसंगी बोचरे लिहिले गेल्यामुळे आपल्या घरातले कोणीतरी चारचौघांत बोलून बसल्यासारखे पुष्कळांना वाटले होते. मीही त्यांतलीच. माझ्या प्रतीच्या समासांत तेव्हा शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा अजून आहेत: ‘एवढे कशाला?’, ‘हे सांगायलाच हवे होते का?’, आणि एका ठिकाणी नुसतेच उद्गारचिन्ह, तेही इतके दाबून काढलेले की मागच्या पानावर उमटले आहे.

आज पुस्तकापेक्षा या खुणांनीच मला जास्त अडवले. सुनीताबाईंनी नवऱ्याविषयी जे म्हटले आहे त्यापुढे खुणा आहेत. त्यांनी स्वतःला जे बोल लावले आहेत, आणि ते काही थोडेथोडके नाहीत, त्यांपुढे एकही नाही. म्हणजे तक्रारी तेवढ्या मी मोजून ठेवल्या होत्या. कालक्रम न पाळता, आठवण नेईल तिकडे जाणारे त्यांचे लेखन तेव्हा मला विस्कळीत वाटले होते. आता स्वतःच्या संसाराला पस्तीस वर्षे होऊन गेल्यावर वाटते की असल्या आठवणी येतात त्या अशाच. एखाद्या भांड्याच्या पोच्यावरून आधी वीस वर्षे मागे आणि मग तिथूनच थेट कालच्या संध्याकाळी. तरीही काही पाने आजही मला लांबलेली वाटली, हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवते.

१५ जुलै

वाचनालयातून ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ आणले. २००३ मध्ये आलेले हे आत्मकथन मी इतकी वर्षे का टाळले, याला ‘राहून गेले’ यापलीकडे उत्तर नाही, आणि ते उत्तर मला पटत नाही. ‘बलुतं’ मी १९७८ नंतर लवकरच वाचले होते. दगडू आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे माणूस स्वतःच्याच समोर बसून बोलतो, ही त्यातली योजना मला तेव्हाही थक्क करून गेली होती. एक वाचले म्हणजे सगळी दलित आत्मकथने वाचून झाली, असा काहीसा समज मनात राहून गेला असावा.

‘आयदान’मध्ये रत्नागिरी आहे, पण ती डोंगर चढून-उतरून, डोक्यावर भारा घेऊन गाठायची बाजारपेठ म्हणून. गावातल्या बायकांची ती पायपीट आणि वाटेवरचे त्यांचे बोलणे, चेष्टामस्करी, शिव्या, लेखिकेने अशा लयीत लिहिली आहे की वाचताना आपलीही मान आखडते. सुनीताबाईंच्या आठवणींतली रत्नागिरीही हीच. मात्र तिथे वकील वडिलांचे घर आहे आणि १९४६ मध्ये त्याच घरात झालेले नोंदणी पद्धतीचे लग्न आहे. दोन लेखिकांच्या वयांत सुमारे वीस वर्षांचे अंतर. गाव एकच, आणि तरी एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जायला वाट सापडत नाही.

शिक्षक असलेले वडील लवकर गेल्यावर ऊर्मिलाताईंच्या आईने आयदाने, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपे, विणून घर चालवले. पुढे लग्नानंतर शिकताना, लिहिताना, चळवळीच्या सभांना जाताना स्वतःच्या घरातून झालेला विरोधही त्यांनी लपवलेला नाही. इथे मात्र ‘हे सांगायलाच हवे होते का?’ असे मला एकदाही वाटले नाही. त्यांच्या पतीला मी आपल्या घरातले मानले नव्हते, एवढाच काय तो फरक असणार.

१९ जुलै

दोन कादंबऱ्या संपवल्या. सचिन कुंडलकर यांची २००६ मधली ‘कोबाल्ट ब्लू’ भाचीने आग्रहाने दिली होती. पुण्यातल्या जोशी कुटुंबात वरच्या खोलीत राहायला आलेल्या भाडेकरूवर घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघेही प्रेम करतात. त्या भाडेकरूला शेवटपर्यंत नाव नाही. तनयचा भाग त्याला ‘तू’ म्हणत लिहिलेला आणि अनुजाचा रोजनिशीच्या रूपात आहे. दुसऱ्याची रोजनिशी वाचतानाही मला संकोच वाटला नाही, आणि समासात लिहिण्यासाठी हात शिवशिवला नाही. मुलगी घर सोडून जाते, परत येते, आईवडिलांविषयी नाही नाही ते लिहिते, आणि मी मुकाट्याने तिच्या बाजूने उभी. हेच कोणी आत्मचरित्रात लिहिले असते तर मी पेन्सिल शोधली असती.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ने, ज्याला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, सुरुवातीला माझी दमछाक केली. कोल्हापूरकडच्या बोलीची ओळख नसल्यामुळे काही पाने मोठ्याने वाचली, तेव्हा कुठे ती उलगडली. धरणामुळे उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला जंगलात परततो, पण ती आता त्याची उरलेली नसते. विस्थापनावरचे अहवाल मी नोकरीत असताना ढिगाने टंकलिखित केले. त्यांत जनावरांची संख्या रकान्यात असायची. त्यांतले एखादे जनावर मालकाकडे रोखून पाहत असेल, हे कधी मनात आले नव्हते.

२० जुलै

आजोळ रत्नागिरीचेच, त्यामुळे आईकडून आलेली तांदूळ धुवायची रोवळी अजून माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. कड एका बाजूने सुटली म्हणून कोणीतरी काळ्या दोऱ्याने शिवली आहे. तळाच्या पट्ट्या मात्र इतक्या वर्षांतही हललेल्या नाहीत. आज दुपारी मावशीला फोन करून विचारले की ही विणली कोणी.

“एक बाई यायची गं पावसाळ्याआधी,” मावशी म्हणाली. “खालच्या अंगणातच बसायची. भात घालायचो तिला, पैसे नाही.”

नाव विचारले. मावशीने बराच वेळ आठवून पाहिले आणि मग म्हणाली, “नाव कोण विचारतंय तेव्हा?”